सीमेवरील दोन दिवे

२०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखच्या सीमेवर पहारा करणाऱ्या भारतीय जवानांना आकाशात दोन तेजस्वी गोळे वारंवार दिसत. एक सायंकाळी दिसू लागे व रात्रभर तळपे. दुसरा पहाटे वर येई. ही चीनची टेहळणी करणारी वैमानिकरहित विमाने तर नव्हेत? अशा ३२९ नोंदी झाल्यावर सैन्याने बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेस पाचारण केले.

शास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या संदर्भात त्या गोळ्यांची गती तपासली. विमान वाटेल तिकडे वळते. ग्रह मात्र तारकांच्या मेळाव्याबरोबरच पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो. हे दिवे तसेच सरकत होते. ते होते गुरू आणि शुक्र! चार हजार मीटरांहून उंच प्रदेशातील विरळ, निर्मळ हवेत ते अधिकच प्रखर भासत.

जवानांनी पाहिले ते खोटे नव्हते. परंतु प्रकाश किती दूर आहे, हे केवळ डोळ्यांना उमगत नाही. जेथे दोन सैन्ये समोरासमोर उभी असतात, तेथे संशयावरून झाडलेली एक गोळीही महाग पडते. म्हणूनच बंदुकीआधी मोजमापाकडे वळण्यात खरे शहाणपण होते.