घाटांतील मोटार आणि गळणारें पाणी

तेलगांवहून धारूरकडे निघालेली मोटार आरंभीं सपाटीवरून सुखानें धांवते. पुढें बालाघाटाचा डोंगर आडवा येतो, धारूरच्या घाटाचीं वळणें लागतात, आणि पंधरा-वीस वर्षें राबलेल्या गाडीची खरी परीक्षा तेथेंच होते. वैशाखाचें ऊन, समोर ओझ्यानें कण्हत चाललेली मालमोटार, आणि सतत खालचा गियर. वारा थोडा आणि श्रम फार. तोंच उष्णतेचा कांटा लाल रेघेकडे सरकतो व पुढच्या जाळींतून वाफ डोकावूं लागते. गाडींत दवाखान्यास न्यावयाचा आजारी माणूस असेल, तर त्या वाफेचा अर्थ निराळा सांगावयास नको.

वास्तविक हें संकट घाटांत जन्मास आलेलें नसतें. घरच्या अंगणांत तें थेंबाथेंबानें वाढत असतें. इंधनापासून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा चाकांच्या कामीं येतो, आणि जवळजवळ तितकीच उष्णता इंजिनांत खेळणाऱ्या पाण्यास वाहून न्यावी लागते. निजामाच्या राज्यांत १९३२ सालीं २७ बसगाड्यांनिशीं सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली. त्या पिढीच्या मोटारींना वाटेंत पाणी पाजणें हा नित्याचाच व्यवहार होता. आजच्या गाडींत हें पाणी बंदिस्त असतें. त्यांत ग्लायकोल व गंजरोधक द्रव्यें मिसळलेलीं असतात, आणि त्यासच कूलंट म्हणतात. झांकण सुमारें एक वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवतें. त्यामुळें साधें पाणीसुद्धां सुमारें १२० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. म्हणूनच तापलेल्या गाडीचें झांकण उघडणें हें साहस नव्हे, अविचार होय. दाब सुटतांच तें पाणी क्षणांत उकळून हातातोंडावर उसळतें.

गळतीचीं स्थानें बहुधा ठरलेलीं असतात. रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, क्लिपा सैल पडतात, रेडिएटरची प्लास्टिकची टांकी जोडावर फुटते, पंपाचें सील झिजतें. सकाळीं गाडीखालीं दिसणारा हिरवट वा तांबूस डाग हीच त्यांची साक्ष. परंतु जमिनीवर थेंबही नसतां टांकी रोज उतरत असेल, धुराड्यांतून दाट पांढरा धूर येत असेल, किंवा इंजिनाचें तेल ताकासारखें पांढुरकें झालें असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा व गाडी हलवूं नये.

रेडिएटरमध्यें हळद टाकण्याचा तोडगा वाटेवर पुष्कळदां सुचविला जातो. हळदीचा लगदा बारीक छिद्र बुजवितो खरा. पण तोच लगदा आंतल्या अरुंद नळ्याही बुजवितो, आणि पुढच्या घाटांत गाडी अधिकच तापते. बोअरच्या जड पाण्याचीही तीच खोड. त्याचे क्षार आंत थर धरतात. अडचणींत तें घालून गांव गांठावें; मात्र मागाहून सर्व पाणी काढून योग्य मिश्रण भरावें.

कांटा चढतांच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावें. निदान अर्धा-पाऊण तास जाऊं द्यावा, आणि झांकण हातास थंड लागल्यावरच जाड फडक्यानें हळूहळू सैल करावें. तापल्या इंजिनांत एकदम गार पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचें भय असतें. गळालेलें कूलंट चवीस गोड पण विषारी असतें. मुलें, कुत्रीं, वासरें यांच्या वाटेंत तें राहूं देऊं नये.

नळी आणि क्लिप बदलण्यास थोडा खर्च येतो. वांकलेल्या हेडचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशीं स्पर्धा करितो. आठवड्यांतून एकदां, इंजिन थंड असतां, टांकीवरच्या दोन रेघांमध्यें पाणी आहे कीं नाहीं एवढें पाहण्यास एक मिनिट पुरतें. तें मिनिट अंगणांत दिलें, म्हणजे घाटांत तास घालविण्याची वेळ सहसा येत नाहीं.