मानसशास्त्राची पदवी : विद्यापीठाच्या अटी आणि घराच्या अटी

(सोसायटीच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की कर्जत, नेरळ, चौक, खोपोली इकडचे पालक सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. अलीकडे त्यांच्याबरोबर आलेली मुलगी पुष्कळदा म्हणते, "सर, मला बी.ए.ला सायकॉलॉजी घ्यायची आहे." आणि तिचे अब्बा विचारतात, "सर, म्हणजे ही वेड्यांची डॉक्टर होणार का?" आज मला या दोघांनाही उत्तर द्यायचे आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी खोपोलीकडची एक हुशार मुलगी माझ्याकडे आली होती. गणिताची तिला भीती वाटे. मी सांगून टाकले, "मानसशास्त्र घे, सोपा विषय आहे, घरी वाचून होईल." तेव्हाच्या पद्धतीत तिसऱ्या वर्षी मानसशास्त्राचे सहा पेपर असत आणि त्यांत एक प्रात्यक्षिकाचा. खोपोलीची गाडी चुकली की तिचे प्रात्यक्षिक चुके. जर्नल अपुरे राहिले, त्यावर सही झाली नाही आणि तिचे एक वर्ष गेले. वर संख्याशास्त्रही निघाले! तिचे वडील मला एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही हे आधी सांगायला हवे होते." पुढच्या वर्षी ती चांगल्या गुणांनी पास झाली, पण गेलेले वर्ष काही परत आले नाही. जे तेव्हा सांगायला हवे होते, ते आज तुम्हां सर्वांना सांगतो.

मानसशास्त्र हे प्रयोगाचे शास्त्र आहे. १८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी त्याची प्रयोगशाळा काढली. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. म्हणून बी.ए.च्या या विषयाला प्रयोगही आहेत आणि आकडेमोडही आहे. सरासरी, मध्यांक, प्रमाण विचलन, सहसंबंध एवढे तरी यावेच लागते. हे गणित दहावीच्या पलीकडचे फारसे नाही. पण ते टाळण्यासाठी जो हा विषय घेईल, त्याची फसगत होईल.

आता विद्यापीठाच्या अटी पाहू. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. बी.ए.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवीन शैक्षणिक धोरणाची पद्धत आली आहे. या पद्धतीत वर्षाला ४४ श्रेयांक म्हणजे क्रेडिट मिळवायचे असतात, तीन वर्षांचे १३२. चौथे वर्ष केले तर १७६ श्रेयांकांची ऑनर्स पदवी मिळते. मुख्य विषयाला मेजर म्हणतात. त्याच्या जोडीला एक मायनर विषय घ्यावा लागतो. शिवाय भाषा, कौशल्याचे विषय, क्षेत्रकार्य आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असते. नुसते मानसशास्त्राचे पेपर दिले म्हणजे पदवी झाली, असे नाही. एखादा लहानसा दोन श्रेयांकांचा विषय राहिला तरी पदवी अडते. म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी कागद घेऊन बसा, किती मिळाले आणि किती राहिले ते मांडा.

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात तीन गोष्टी विचारा. मानसशास्त्र इथे मेजर म्हणून तिन्ही वर्षे आहे, की फक्त पहिल्या वर्षापुरते आहे? मेजर कधी आणि कोणत्या गुणांवर ठरवतात, त्याला जागा किती? उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते? उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी तिसरा प्रश्न विसरू नये. या विषयाची चांगली पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत, म्हणून पहिल्या दिवसापासून इंग्रजी वाचनाची रोजची सवय ठेवा.

हजेरीचा हिशोब पालकांनी नीट ऐकावा. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास, पण प्रात्यक्षिकाचे ३० तास धरतात. म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला ६० तास झाले. पंधरा आठवड्यांचे सत्र धरले तर आठवड्याला चार तास. ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे ४५ तास. चुकवायला उरले १५, म्हणजे चार आठवडेही नाहीत. यातच आजारपण आले, घरातले लग्न आले आणि आपल्याकडचा पावसाळाही आला. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते तुम्हांला आठवत असेल. पावसाने जाणारे दिवस आपल्या हातात नाहीत. म्हणून हातातले दिवस वाया घालवू नका. चुलतभावाच्या हळदीसाठी मुलीचे प्रात्यक्षिक बुडवू नका.

प्रात्यक्षिकात करतात तरी काय? एक सोपा नमुना सांगतो. घरी जाऊन अम्मीला वीस साधे शब्द एकामागून एक वाचून दाखवा आणि मग आठवतील तेवढे सांगायला लावा. सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द बहुधा आठवतात, मधले गळतात. हाच प्रयोग अनेकांवर, सारख्या पद्धतीने, वेळ मोजून करायचा, आकडे मांडायचे, निष्कर्ष काढायचा आणि जर्नलात लिहायचे. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याची आधी संमती घ्यावी लागते आणि त्याचे नाव गुप्त ठेवावे लागते. आपल्या मोहल्ल्यात संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची बातमी प्रत्येकाला कळते. तिथे ही शिस्त पाळणे वाटते तेवढे सोपे नाही. पण दुसऱ्याचे गुपित ज्याला पोटात ठेवता येत नाही, त्याने या विषयाच्या वाटेला जाऊ नये.

"एवढी दगदग कशाला? घरी बसून पत्राने परीक्षा देता येणार नाही का?" असे पुष्कळ पालक विचारतात. पूर्वी ती सोय होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कळवले, की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश द्यायचे नाहीत. आरोग्यसेवेशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राने जो कायदा केला, त्यात हा विषय येतो, हे त्याचे कारण. कोणी घरबसल्या मानसशास्त्राच्या पदवीची जाहिरात दाखवली तर पैसे भरण्यापूर्वी हा नियम आठवा.

याचा अर्थ सरळ आहे. ज्यांच्या जवळच्या कॉलेजात हा मेजर नाही, त्यांना गाडीने जावे लागेल. खोपोलीहून लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करीत कर्जत, आणि पुढे बदलापूर-कल्याणच्या बाजूला. खोपोलीच्या फाट्यावर गाड्या थोड्या, एक चुकली की दुपार जाते. मुलगा असला तर आपण पास काढून देतो. मुलगी असली तर घरात बैठक बसते. पालकहो, काळजी मला समजते. मीही मुलीचा बाप आहे. त्यावर उपाय आहेत. एका भागातल्या दोघी-तिघींनी एकाच कॉलेजात प्रवेश घ्यावा, एकाच गाडीने जावे-यावे. वडिलांनी एकदा स्वतः जाऊन कॉलेज आणि वाट पाहून यावी. हे जमणार नसेल तर मुलीला जूनमध्येच स्पष्ट सांगा, ती दुसरा विषय घेईल. जूनमध्ये हो म्हणून डिसेंबरमध्ये तिला घरी बसवणे, हा मोठा अन्याय आहे.

आता त्या अब्बांचा प्रश्न. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. पण त्यालाही पदव्युत्तर शिक्षणाखेरीज भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. हे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून त्या त्या वर्षीची परिषदेची यादी पाहावी. नुसत्या बी.ए.वर कोणी पाटी लावून उपचार करू नयेत. मात्र बी.ए.नंतर एम.ए., बी.एड., समाजकार्य, विशेष मुलांचे शिक्षण, कारखान्यातला मनुष्यबळ विभाग अशा वाटा खुल्या आहेत. खोपोली-खालापूरच्या औद्योगिक पट्ट्यात शेवटच्या वाटेचा उपयोग आहे.

आपल्याकडे मनाच्या दुखण्याला ईमानाचा कमकुवतपणा समजून गप्प बसणारे लोक आहेत. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर मिळून एक ग्रंथ लिहिला. त्याचा मृत्यू ९३४ साली झाला. शरीरासारखे मनही आजारी पडते आणि त्याचीही निगा राखावी लागते, हे त्याने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

आणि या विषयाची गरज दूर कुठे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांना छप्पर, धान्य, कपडे देता येतात. पण रात्री पावसाचा आवाज झाला की दचकून उठणाऱ्या मुलाजवळ बसून त्याचे ऐकायचे कसे, हे शिकावे लागते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही बोलता येते. हा आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. पण दाराशी येऊन, आपल्या बोलीत बोलणारे माणूस इथल्याच मुला-मुलींतून तयार व्हावे लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, हजेरी, जर्नल, आकडेमोड, श्रेयांक, या विद्यापीठाच्या अटी तुम्ही पाळायच्या. पालकहो, गाडीचा पास, परीक्षेच्या दिवसांत घरकामातून सूट, अभ्यासाला एक शांत कोपरा आणि तीन वर्षे न बदलणारा शब्द, या घराच्या अटी तुमच्याकडे आहेत. त्या मुलीच्या बाबतीत मी अर्ध्याच अटी पाहिल्या होत्या. तुम्ही दोन्ही पाहून मगच प्रवेशाच्या अर्जावर सही करा.