चोरसू बाजारातला नोन
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



ताश्कंद म्हटलं की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. ११ जानेवारी १९६६ रोजी त्यांचं तिथंच निधन झालं. त्यांच्या पुतळ्याला आम्ही सहलीत नमस्कार केलाच. पण आज सांगायचंय ते तिथल्या चोरसू बाजाराबद्दल.

चोरसू म्हणजे आपल्या भाषेत चौक. मधे निळा प्रचंड घुमट, भोवती लांबवर बाजार. आपण मराठवाड्याची माणसं. निजामाच्या काळापासून फारसी-उर्दू शब्द आपल्या तोंडात बसलेले. त्यामुळं तिथं फार परकं वाटत नाही. दुकानाला ‘दुकोन’, तराजूला ‘तरोझी’, भावाला ‘नर्ख’, म्हणजे आपला जुना ‘निरख’च. गंमत एकच, ‘सब्झी’ मागितली तर हातात गाजर पडतं!

मुगाला ते ‘मोश’ म्हणतात आणि मूग-तांदळाची ‘मोशकिचिरी’ करतात. डाळीच्या लातूर जिल्ह्यातल्या माणसाला इतक्या लांब खिचडी भेटली की बरं वाटणारच. मात्र तिच्यात बहुधा मटण असतं. शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं, बरं का! ‘कुरुत’ म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याचे गोळे. एक तोंडात टाकला की बराच वेळ पुरतो.

गाजराची तिखट-आंबट कोशिंबीर विकणाऱ्या कोरियन बायका पाहून नवल वाटलं. त्यामागं मोठं दुःख आहे. १९३७ साली स्टालिननं दीड लाखाहून जास्त कोरियन लोकांना रशियाच्या पूर्व टोकावरून उचलून मध्य आशियात आणून टाकलं. लोणच्यासाठी त्यांची नेहमीची कोबी मिळेना, म्हणून त्यांनी गाजर वापरलं. आज तीच कोशिंबीर उझबेकांच्याही ताटात असते.

आणि ‘नोन’, तंदूरमधली गोल रोटी. मधोमध ठशानं टोचून नक्षी काढलेली. ती पालथी ठेवायची नाही, असा तिथला रिवाज. घरातला कुणी लांबच्या प्रवासाला किंवा सैन्यात निघाला की तो नोनचा एक घास तोडतो. उरलेला नोन घरचे तो परत येईपर्यंत जपून ठेवतात. आपण नाही का, निघणाऱ्याच्या हातावर दही घालतो आणि ‘जातो’ म्हणू देत नाही, ‘येतो’ म्हणायला लावतो?

पंचवीस वर्षांपूर्वी आपणही वेगवेगळ्या गावांहून मुरुडला येऊन इथं शेजारी झालो. एकमेकांच्या डब्यातल्या भाज्या, चटण्या आपल्या घरच्या झाल्या. आता पोरं पुण्या-मुंबईला, काही परदेशात. घरं मोठी, माणसं दोनच. म्हणून एवढंच म्हणणं आहे : नव्यानं राहायला आलेल्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी कुणीतरी ताट न्यावं. आणि सणाला कुणाचं पोरगं येणार नसेल, तर त्या आईबापांना आपल्या पंगतीला बोलवावं.