जुनी मोटार, गंज आणि आपली मुले
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा, परदेशातील नोकऱ्या अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलतात. मला आज मोटारीच्या पोटाखालच्या बाजूविषयी बोलायचे आहे. आपण हसलात, त्याचे मला नवल वाटत नाही. पण कारण ऐकून घ्या.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आमच्या अंगणात आमची जुनी पद्मिनी दुरुस्त करीत होता. दहावीनंतर शाळा सोडून तो गॅरेजात लागला आहे. त्याने दाराखालच्या पट्टीला जॅक लावून गाडी उचलली आणि आधाराला जांभ्याचे दोन चिरे ठेवले. "सर, चिरा लावलाय, काळजी नको," असे म्हणून तो कमरेपर्यंत गाडीखाली गेला. मी चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभा होतो. जांभा हा सच्छिद्र खडक आहे, असे मी भूगोलाच्या तासाला दरवर्षी शिकवतो; तरी त्या वेळी तोंडातून एक शब्द काढला नाही. पाना आणायला म्हणून तो बाहेर आला आणि तेवढ्यात कर्रकन आवाज झाला. पट्टी आतून गंजलेली होती, ती चुरगळली, जॅक तिरका झाला आणि गाडी चिऱ्यांवर आदळली. एका चिऱ्याचे दोन तुकडे झाले. मुलगा वाचला, अल्हमदुलिल्लाह. पण मला त्या रात्री झोप आली नाही. त्याला दहा वर्षे शिकवून आम्ही त्याच्या उपयोगाचे एवढेही शिकवले नव्हते.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निघून गेल्या. तरी आपल्या कोकणात जुन्या पद्मिनी, अँबॅसडर, मारुती अजून पुष्कळ अंगणांत उभ्या आहेत. म्हणून दोन गोष्टी नीट समजून घेऊ. पहिली, गाडी उचलावी कशी आणि दुसरी, गंजाचे काय करावे.

गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करावी. पावसाळ्यानंतरच्या भुसभुशीत मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घालावी. गिअर टाकून हँडब्रेक ओढावा. पण तेवढ्यावर विसंबू नये. पद्मिनी आणि अँबॅसडर या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत, आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. मागची दोन्ही चाके अधांतरी झाली की गाडीला धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून जी चाके जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून लाकडी पाचर किंवा मोठा दगड घट्ट लावावा. चाक काढायचे असेल, तर नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करून घ्यावेत. गाडी वर गेल्यावर पान्याला झटके देणे म्हणजे आपल्याच हाताने ती जॅकवरून ढकलणे होय.

आता मुख्य मुद्दा. जॅकचे काम उचलण्याचे आहे. तेलाच्या जॅकचे सील गेले, तर तो न सांगता खाली बसतो. गाडी उचलल्याबरोबर तिच्याखाली लोखंडी स्टँड लावावेत आणि जॅक हळूहळू सैल करून भार त्यांच्यावर सोडावा. पद्मिनी किंवा अँबॅसडर मागून उचलताना स्टँड मागच्या ॲक्सलच्या जाड नळीखाली, चाकांच्या जवळ लावावा. पत्र्याच्या तळाखाली, इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली किंवा पेट्रोलच्या टाकीखाली कधीही लावू नये. जांभ्याचा चिरा, वीट, सिमेंटचा पोकळ ब्लॉक यांपैकी काहीही आधाराला वापरू नये. या वस्तू भिंतीत सारखा दाब सोसतात, पण एका बिंदूवर भार आला की अचानक फुटतात. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो भरते, हे लक्षात असू द्या. काढलेले चाक किंवा स्टेपनी पट्टीखाली आडवी सरकवून ठेवावी. सगळे फसले, तरी जीव वाचण्यापुरती जागा राहते. आत जाण्यापूर्वी गाडी हाताने जोराने हलवून पाहावी. हलायची असेल, तर ती आपण बाहेर असताना हलू द्या. एकट्याने गाडीखाली जाऊ नये आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

आता गंज. लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज तयार होतो. मीठ असले, तर पाण्यातून वीज सुलभतेने वाहते आणि ही क्रिया झपाट्याने होते. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वारा समुद्राचा. ॲल्युमिनियमवर चढणारा थर खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र फुगून पापुद्र्यांनी सुटतो आणि आतला नवा पत्रा उघडा पाडतो.

या गाड्यांना वेगळी चौकट नसते; तळाचा पत्रा आणि बाजूच्या पट्ट्या हाच त्यांचा कणा. म्हणून जॅक लावण्यापूर्वी ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावी. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. मग बोथट टोकाने दाबून पाहावे. पायाखालच्या मॅटच्या खाली, चाकांवरच्या कमानीत साचलेल्या चिखलामागे, स्प्रिंगा जोडल्या आहेत तिथे आणि स्टेपनीच्या खळग्यात हटकून पाहावे.

गंज वरवरचा असेल, तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके हवेच. खाचाखोचांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण हातमोजे घालून लावावे. ते वाळल्यावर रेड ऑक्साइड किंवा जस्ताचा प्रायमर, मग रंग आणि शेवटी डांबरी लेप द्यावा. हे काम डिसेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत करावे. गंजावर किंवा ओलीवर सरळ डांबर फासले, तर ओल आत कोंडते आणि वरून सुरेख दिसणारी गाडी आतून खलास होते. वापरलेले इंजिन ऑइल फवारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने रबराचे बूश फुगतात, कातडीला अपाय होतो आणि थेंब विहिरीकडे झिरपतात.

पत्र्याला भोक पडले असेल, तर लांबी भरून रंग देऊ नये. तो दोष लपवणे झाले. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. त्यापूर्वी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात, मॅट काढाव्यात आणि जवळपास पेट्रोलची नळी, टाकी किंवा डांबर नाही ना, हे पाहावे. पट्ट्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्याची लहान छिद्रे असतात; ती काडीने मोकळी ठेवावीत. गाडी समुद्रकाठी नेली, तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावी.

पालकहो, उंट आधी बांधावा आणि मग तवक्कल करावी, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. स्टँड लावणे म्हणजे उंट बांधणेच आहे. तो न लावता "अल्लाह मालिक" म्हणणे हा आळस आहे, त्याला तवक्कल म्हणता येत नाही.

जाता जाता एक कबुली देतो. हा मुलगा दहावीत नापास झाला, तेव्हा त्याच्या आईसमोर मी म्हणालो होतो, "आता पाना धरूनच जगायचं का?" आज त्या बोलण्याची मला लाज वाटते. पाना धरणे कमीपणाचे नाही. अज्ञानात पाना धरू देणे, हा आमचा कमीपणा आहे. त्या मुलाने पहिल्या बचतीतून दोन जोड स्टँड घेतले. एक जोड त्याच्या गॅरेजात आहे. दुसरी त्याने शाळेला दिली आहे आणि येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर तो स्वतः प्रात्यक्षिक दाखवणार आहे. मुलांबरोबर मुलींनाही आणा. मी पहिल्या रांगेत बसून शिकणार आहे.

खुदा हाफिज.