भरती पाहून नाव लोटावी



मोरा बंदराच्या रहिवाशाला योग्य वेळेचे महत्त्व शिकवावे लागत नाही. भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचा हुकूम अधिक मानते. पाणी ओसरले की गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही आणि कामावर निघालेला माणूस तिष्ठत राहतो. लाँचच्या बांधणीत दोष नसतो, सारंगाच्या कौशल्यात उणीव नसते. तळाशी पुरेसे पाणी नसते, एवढेच. नोकरी सोडून वेब डिझाईनचा स्वतंत्र व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणाची गत पुष्कळदा अशीच होते. हाती कला असते, बुद्धीला धार असते. पाण्याची खोली तेवढी पाहिलेली नसते.

या व्यवसायाचे आकर्षण स्वाभाविक आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणपर्यंत लोकलही आली. तरीही मुंबईस जाण्या-येण्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतोच. उलट संगणक, वीज आणि इंटरनेट एवढी सामग्री असली, की पुण्याच्या दुकानदाराचे वा दुबईच्या कंपनीचे संकेतस्थळ घरी बसून घडविता येते. प्रश्न इच्छेचा नाही, सिद्धतेचा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. रंग ओळखण्याच्या दृष्टिदोषामुळे तो मार्ग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनास दिली गेली, तेव्हा त्या स्वाभिमानी पुरुषाने राजीनामा दिला. हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो. त्याचा पूर्वार्ध मात्र विसरला जातो. नोकरीत असतानाच ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत आणि बंधू रामूअण्णा तेथे त्या विकीत. किर्लोस्कर उद्योगाचे जन्मवर्ष म्हणून सांगितले जाणारे १८८८ हे साल त्या सायकलच्या दुकानाचेच होय. राजीनामा एका दिवसात लिहिला गेला. पायाखालची जमीन त्याआधीच तयार होत आली होती. पुढे लोखंडी नांगर काढले, तर ‘लोखंडाने जमीन विषारी होते’ या समजुतीपायी ते खपण्यास दोन वर्षे लागली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली, एवढे सोसल्यानंतर!

यातून आजच्या तरुणाने कोणता बोध घ्यावा? पहिला असा, की नोकरी सुटण्यापूर्वी ग्राहक जोडावेत. सुटीच्या दिवशी आणि रात्रीच्या वेळी दोन-तीन छोटी कामे पूर्ण करून द्यावीत; त्यांचे पैसेही घ्यावेत, कारण फुकटच्या कामाने कौतुक कळते, बाजार कळत नाही. मात्र त्याआधी नेमणुकीचा करार बारकाईने वाचावा. बाहेरच्या कामास त्यात मनाई असेल, तर चोरवाट न धरता परवानगी मागावी. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, कायद्याने मालकाचा असतो. ते काम आपले म्हणून विकणे म्हणजे आरंभालाच कलंक लावणे होय.

दुसरा बोध शिदोरीचा. घराचा किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, वर्षाचा ठेवता आला तर उत्तमच. नोकरीबरोबर कार्यालयाचा आरोग्यविमाही जातो. म्हणून राजीनाम्यापूर्वी कुटुंबाचा स्वतंत्र विमा उतरवावा. भविष्यनिर्वाह निधी म्हातारपणाची काठी आहे, तिचे भांडवल करू नये.

तिसरा बोध व्यवहाराचा. कामाची व्याप्ती, मुदत, किती वेळा फेरबदल करून मिळतील आणि पैसे केव्हा मिळतील, हे लेखी असावे. काही रक्कम आगाऊ घ्यावी. संकेतस्थळाचे नाव मात्र ग्राहकाच्याच नावे नोंदवावे. विश्वास तेथेच जडतो. शासनाची ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आहे. २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत लहान उद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. परंतु हिशेब पहिल्या दिवसापासून चोख हवा.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. रामूअण्णांवाचून लक्ष्मणरावांची कथा पूर्ण होत नाही. निर्णय एकट्याचा असला तरी त्याचा भार घरातील प्रत्येकजण वाहतो. पत्नीला, आई-वडिलांना विश्वासात घेऊन जमा-खर्चाची वही त्यांच्यासमोर उघडावी. इतक्या महिन्यांत इतके उत्पन्न झाले नाही, तर पुन्हा नोकरी पाहीन, अशी मर्यादा आधीच ठरवावी. परत फिरणे हा पराभव नव्हे. मोऱ्याचा सारंगही वारा बघून लाँच थांबवितो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. तो पुढची भरती गाठतो.