प्रवासापूर्वीची लस : अलर्क रोग आणि परदेशी जाणारा प्रवासी

परदेशी जाण्याची तयारी करणाऱ्या माणसाजवळ एक यादी असते. पारपत्र, व्हिसा, तिकीट, परकीय चलन आणि आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील काही देशांत जावयाचे असल्यास पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला. हा दाखला नसेल तर विमानतळावर अडवणूक होते. म्हणून तो सहसा कोणी विसरत नाही. अलर्क रोगाच्या, म्हणजे सर्वांना रेबीज या नावाने ठाऊक असलेल्या रोगाच्या लसीचा दाखला मात्र प्रवाशाकडे कोणी मागत नाही.

याचे कारण सरळ आहे. पीतज्वर प्रवाशाबरोबर दुसऱ्या देशात शिरून डासांच्या द्वारे तेथे पसरू शकतो. अलर्काचे तसे नाही. अवयवरोपणासारखे अत्यंत विरळ प्रसंग सोडले, तर माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. प्रवाशाने लस घेतली काय किंवा न घेतली काय, यजमान देशाचे त्यात काही बिघडत नाही. बिघडले तर ते फक्त प्रवाशाचे. सीमेवरचा अधिकारी जो प्रश्न विचारत नाही, तो प्रवाशाने स्वतःला विचारावयाचा असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. अलर्काचा विषाणू रोगट प्राण्याच्या लाळेत असतो. चाव्यातून किंवा नखाच्या ओरखड्यातून तो शरीरात शिरतो. फुटलेल्या कातडीला, डोळ्यांना किंवा तोंडाच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागली तरीही त्याला वाट मिळते. पुढे तो रक्तातून न जाता मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो. या वाटचालीला बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित ती आठवड्याभरात पुरी होते, तर क्वचित वर्षाहूनही अधिक काळ चालते. जखम डोक्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा हातांना असेल तर धोका अधिक. लक्षणे दिसू लागली, की पाण्याचा घोट घेताना घशाचे स्नायू आखडतात आणि वाऱ्याच्या झुळकेनेही रोगी दचकतो. या अवस्थेला पोहोचलेला रोगी वाचल्याची उदाहरणे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे या रोगाने दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात. त्यांतील बहुतेक आशिया आणि आफ्रिका या खंडांतील असतात आणि दर दहांपैकी सुमारे चार पंधरा वर्षांखालील मुले असतात.

तेव्हा चावा आणि लक्षणे यांच्या मधला काळ हीच माणसाची खरी पुंजी होय. जे काही करावयाचे ते याच काळात करावे लागते आणि या काळाला सुरुवात होताच करावे लागते. अलर्कावरील उपचारांचा सारा इतिहास म्हणजे जखम आणि लस यांच्यातील अंतर कमी करण्याचा इतिहास आहे.

हे अंतर एके काळी किती मोठे होते याची कल्पना पहिल्या रोग्यांच्या हकिगतींवरून येते. ६ जुलै १८८५ रोजी जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईने आल्सेसमधून पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे आणले. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याचे अनेक लचके तोडले होते. सशाच्या वाळवलेल्या पृष्ठरज्जूपासून पाश्चर यांनी लस तयार केली होती. परंतु ते स्वतः वैद्य नसल्यामुळे ती टोचण्याचे काम डॉ. ग्रांशे यांनी केले. तेरा मात्रा दिल्यावर मुलगा वाचला. पुढील वर्षी, मार्च १८८६ मध्ये, रशियातील स्मोलेन्स्क प्रांतातून एकोणीस माणसे पॅरिसला येऊन पोहोचली. पिसाळलेल्या लांडग्याने त्यांना फाडले होते. ‘पाश्चर’ या एका शब्दापलीकडे त्यांना फ्रेंच भाषा येत नव्हती, असे सांगतात. त्यांतील तिघे दगावले आणि सोळा आपल्या गावी परतले.

त्या काळी लस माणसाकडे येत नसे. माणसालाच लसीकडे जावे लागे. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांना कुत्रे चावले, तर त्यांनाही समुद्रमार्गे पॅरिसला पाठवीत. सामान्य हिंदी माणसाच्या आवाक्यातली ती वाट नव्हती. १९०० मध्ये कसौली येथे आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था उघडल्या, तेव्हा कोठे हे अंतर समुद्राऐवजी आगगाडीच्या प्रवासाने मोजता येऊ लागले.

कसौलीच्या संस्थेचे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. आपल्या देशात पोटात टोचावयाच्या सुयांची जी दहशत कित्येक पिढ्यांच्या मनात बसली, ती याच लसीची. ती स्वस्त होती आणि तिने असंख्य जीव वाचविले, हे नाकारता येत नाही. परंतु तिच्यातील मेंदूच्या अंशामुळे काही जणांना पक्षाघातासारखे विकार होत. ज्याला कुत्रे चावले आहे त्याने हा धोका पत्करणे शहाणपणाचे होते. ज्याला चावलेलेच नाही त्याने तो विकत घेण्यात काही अर्थ नव्हता. अशी लस असताना प्रवासापूर्वी ती टोचून घेण्याची कल्पना सर्वसामान्यांना सुचणे शक्य नव्हते. भारतात या लसीचे उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये थांबले.

दरम्यान प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर विषाणू जोपासून लस करण्याची रीत निघाली होती. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत सिद्ध झालेल्या अशा लसीची कसोटी इराणात लागली. पिसाळलेली कुत्री आणि लांडगे चावलेल्या ४५ जणांना ती देण्यात आली आणि ते सर्व वाचले, असे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या लसी याच घराण्यातील आहेत. त्या दंडात किंवा कातडीच्या थरात टोचतात आणि त्यांचा त्रास बहुधा दंड दुखण्यापलीकडे किंवा थोड्या तापापलीकडे जात नाही. निरोगी माणसाने चाव्याच्या आधी लस घ्यावी, हा विचार सर्वांसाठी व्यवहार्य झाला तो त्यांच्यामुळे.

लस आता बहुतेक देशांत मिळत असताना ती आधी का घ्यावी, असे कोणी विचारील. याचे उत्तर लसीच्या जोडीने द्याव्या लागणाऱ्या दुसऱ्या औषधात आहे. लसीमुळे शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करते. पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, तर तेवढा अवकाश विषाणू देईलच असे नाही. म्हणून जखमेच्या आत व भोवती तयार प्रतिपिंडे टोचावी लागतात. त्यांना इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. १९५४ मध्ये इराणातील एका गावात एकाच लांडग्याने एका रात्रीत अनेकांना फाडले. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली. त्यांतील तिघे दगावले. ज्यांना लसीबरोबर प्रतिपिंडयुक्त रक्तरसही मिळाला, त्यांतील एकच दगावला. तेव्हापासून गंभीर चाव्यावर दोन्ही उपाय एकत्र करणे हा नियम झाला.

अडचण येथेच आहे. लस कारखान्यात हव्या तेवढ्या प्रमाणात करता येते. इम्युनोग्लोब्युलिन मात्र लस टोचलेल्या माणसांच्या किंवा घोड्यांच्या रक्तातून काढावे लागते. ते महाग असते आणि त्याची मात्रा रोग्याच्या वजनाप्रमाणे वाढत जाते. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ते सापडते. एखाद्या बेटावर, डोंगरातल्या वाटेवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूरच्या खेड्यात ते सापडेलच याची शाश्वती नसते. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, जखमी पायाने त्याचा शोध घेत फिरणारा प्रवासी आणि १८८६ मधील स्मोलेन्स्कचे शेतकरी यांच्या अवस्थेत फारसा फरक राहत नाही.

प्रवासापूर्वी घेतलेली लस ही अडचण दूर करते. शरीराला विषाणूची ओळख एकदा पटली, की ती आठवण वर्षानुवर्षे टिकते. पुढे चावा झाल्यास लसीच्या दोन मात्रा, पहिली त्याच दिवशी आणि दुसरी तीन दिवसांनी, एवढ्याने प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात. निरोगी माणसाला अशा वेळी इम्युनोग्लोब्युलिनची गरज उरत नाही. लस न घेतलेल्याला याच प्रसंगी इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीच्या चार किंवा पाच मात्रा काही आठवड्यांत घ्याव्या लागतात. म्हणजे बहुधा प्रवास सोडून परतावेच लागते.

मात्रांचा हिशोब असा : जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दोन वेळा लस पुरेशी मानली, पहिली ठरल्या दिवशी आणि दुसरी सात दिवसांनी. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरी मात्राही सांगितली आहे. म्हणून प्रयाणाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे धाव घेण्यात अर्थ नाही. निदान महिनाभर आधी त्यांना भेटावे. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी दुबळी झाली आहे, त्यांनी हे विशेष सांगावे, कारण त्यांच्या बाबतीत इम्युनोग्लोब्युलिनची गरज नंतरही उरते.

या लसीविषयीचा सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ती घेतल्यावर चाव्याची चिंता नको, हा होय. १९८३ मध्ये केनियात पीस कोअर या अमेरिकी योजनेत काम करणारी एक तरुणी अलर्काने मरण पावली. तिने लसीच्या आधीच्या मात्रा घेतल्या होत्या. पुढे तिने पाळलेले पिल्लूच तिला चावले आणि चाव्यानंतरच्या मात्रा राहून गेल्या. शिवाय हिवताप टाळण्यासाठी क्लोरोक्विन घेत असताना कातडीच्या थरात दिलेली लस कमी परिणाम करते, असे नंतरच्या अभ्यासात १९८६ मध्ये दिसून आले. या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. हिवतापाची गोळी घेणार असल्यास ते लस टोचणाऱ्याला आधी सांगावे. आणि लस घेतलेली असो वा नसो, चावा झाल्याबरोबर जखम साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी वैद्याकडे जावे. आधीची लस वैद्याची भेट टाळण्यासाठी नसते. भेटीला थोडा उशीर झाला आणि हाताशी केवळ लस असली, तरी जीव वाचावा यासाठी ती असते.

आता ही लस कोणी घ्यावी? चार दिवस मोठ्या शहरात राहून परतणाऱ्या प्रत्येकाला तिची गरज नाही. जेथे कुत्र्यांतील अलर्क अजून हटलेला नाही आणि चांगले रुग्णालय एका दिवसाच्या अंतरात नाही, तेथे जाणाऱ्याने, दीर्घ मुक्काम करणाऱ्याने, पायी वा सायकलने भटकणाऱ्याने, प्राण्यांशी किंवा वटवाघळांच्या गुहांशी काम असणाऱ्याने तिचा विचार करावा. मुलांबाबत तो अधिक करावा, कारण मूल पिल्लाजवळ आपण होऊन जाते, चाव्याची उंची त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचते, आणि रागे भरतील या भीतीने ते ओरखडा लपवून ठेवते.

भारतीय प्रवाशाला आणखी एक भ्रम असतो. आपण कुत्र्यांच्या देशातच वाढलो, तेव्हा आपल्याला काय होणार, असे त्याला वाटते. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या सहवासाने कोणतीही प्रतिरक्षा मिळत नाही. मात्र पूर्वी कधी कुत्रे चावल्यामुळे आधुनिक लसीचा पूर्ण क्रम ज्याने घेतला असेल, तो लस घेतलेलाच समजला जातो. त्याने त्या मात्रांच्या तारखांचा कागद पारपत्राबरोबर ठेवावा. परदेशातील डॉक्टरला त्याच्या शब्दापेक्षा त्या कागदाचा उपयोग अधिक होतो.

रोगाचा नकाशाही स्थिर नसतो. बाली बेट २००८ पर्यंत अलर्कमुक्त होते. त्या वर्षी रोग तेथे शिरला आणि पुढे अनेक बळी पडले. जपानने १९५७ पासून हा रोग आपल्या भूमीवर येऊ दिलेला नाही. तरी २००६ मध्ये दोन जपानी गृहस्थ मायदेशी परतून या रोगाने मरण पावले. दोघांनाही फिलिपीन्समध्ये कुत्रे चावले होते. २०१९ मध्ये नॉर्वेची एक तरुणी अशीच गेली. फिलिपीन्समध्येच रस्त्यावर सापडलेल्या एका पिल्लाची तिने शुश्रूषा केली होती. किरकोळ जखम तिला उपचारांच्या योग्यतेची वाटली नाही. अमेरिकेसारख्या, कुत्र्यांतील अलर्क हटविलेल्या देशातही वटवाघळांत तो आहे. झोपेतून जागे होताच खोलीत वटवाघूळ आढळले, तर तेथेही डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. प्रवासी लस घेऊन जातो आणि सुखरूप परत येतो. ज्या वस्तीत त्याला कुत्रे भुंकले, त्या वस्तीतील मूल तेथेच राहते. त्याला वाचविण्याचा मार्ग कुत्र्यांच्या लसीकरणातून जातो. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमाने लस दिली, तर त्यांच्यातील रोगाची साखळी तुटते, असा अनुभव आहे. तसे होईपर्यंत प्रवाशाच्या यादीत एक ओळ वाढविणे भाग आहे. ती ओळ तपासण्यास सीमेवर कोणी उभा नसतो, म्हणून ती प्रवाशाने स्वतः लिहावी आणि प्रयाणापूर्वी महिनाभर आधी लिहावी.