डोक्याचा मार आणि घरातला उशीर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत चार गोड शब्द बोलावेत असा शिरस्ता आहे. परंतु चिटणीसबाईंनी मला जो विषय दिला तो काही गोड नाही. 'डोक्याला मार लागला तर आपण काय करावे?' असा तो विषय. मी तीस वर्षे मेंदूच्या रोग्यांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी डॉक्टर नाही. रोग्याच्या खाटेशी उभे राहून जे पाहिले आणि मोठ्या डॉक्टरांकडून जे ऐकले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम थोडी मागची हकीकत सांगते. आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग पहिल्यांदा निघाला तो १९४९ साली, दक्षिणेत वेल्लोरला. डॉ. जेकब चंडी यांनी तो सुरू केला. कॅनडात मॉन्ट्रियल येथे डॉ. पेनफील्ड नावाचे मोठे मेंदूतज्ज्ञ होते, त्यांच्या हाताखाली ते शिकून आले होते. तिथेच शिकलेले आपल्याकडचे डॉ. रामचंद्र गिंडे यांनी पुढे मुंबईत या विद्येचा पाया घातला. त्या काळी आपल्या तालुक्यात कोणी झाडावरून पडला, तर त्याला मनमाडवरून आगगाडीने मुंबई गाठावी लागे. मुंबई येईपर्यंत डोक्यातला रक्तस्राव कोणासाठी थांबणार? आणि कवटीच्या आत काय झाले आहे ते डोळ्यांनी पाहण्याची सोयही नव्हती. डोक्याचा स्कॅन माणसावर पहिल्यांदा झाला तो १९७१ साली, लंडनमध्ये.

आज ती स्थिती राहिलेली नाही. शिर्डी आपल्यापासून सोळा किलोमीटरच्या आत आहे. तिथे संस्थानचे मोठे रुग्णालय आहे. लोणीला १९७२ साली पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरा मेडिकल ट्रस्ट निघाला आणि ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. नाशिक सुमारे शंभर किलोमीटर. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला आहे. म्हणजे वाट जवळची झाली. तरीही रोगी उशिरा येतो, हे मी तीस वर्षे पाहिले. असे का व्हावे?

बाळंतपणात स्त्रिया का दगावतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी एक फार उपयोगी गोष्ट सांगून ठेवली आहे. उशीर तीन ठिकाणी होतो, असे ते म्हणतात. पहिला उशीर घरात, म्हणजे जायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेवर. तिसरा रुग्णालयाच्या दारात शिरल्यावर. डोक्याच्या माराला हे तिन्ही उशीर जसेच्या तसे लागू पडतात. त्यातला पहिला आपल्या हातातला आहे, म्हणून आज मी मुख्यतः त्याच्याविषयी बोलणार आहे.

एका हंगामातील गोष्ट. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई सांजच्याला उसाने भरलेल्या गाडीवरून खाली आली. कानशिलाला मार लागला. क्षणभर डोळे मिटले, मग उठून बसली. "काही नाही झालं," म्हणाली. कोपीत जाऊन तिने भाकरीही थापल्या. रात्री डोके फार दुखू लागले, दोनदा उलटी झाली. नवऱ्याला काळजी वाटली, पण मुकादम दुसऱ्या गावी गेलेला. उचल त्याच्याकडची, गाडी त्याची, शब्दही त्याचाच. "सकाळी बघू" असे ठरले. सकाळी ती उठेना. तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे स्कॅनचे यंत्र नव्हते, मेंदूचे डॉक्टर नव्हते. तरी अर्धा दिवस सलाइन लावून ठेवले. आमच्याकडे आली तेव्हा दुपार झाली होती आणि एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन थिजलेली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्याच महिन्यात शाळेत जाणारा एक मुलगा ओसरीवरून पडून आला. मार तसाच, कानशिलाचाच. बाप परगावी होता. मुलगा दोनदा ओकला आणि झोप झोप करू लागला, हे पाहताच आईने कोणाची वाट पाहिली नाही. शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि दोन तासांच्या आत ती आमच्या दारात उभी राहिली. आठव्या दिवशी तो मुलगा आईचे बोट धरून चालत घरी गेला. भगिनींनो, मार एका जातीचा, शस्त्रक्रिया एकच, डॉक्टरही तेच. फरक पडला तो तासांचा, आणि निर्णय कोणी घेतला याचा.

हे असे का होते, ते समजून घ्या. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाड चिरले की ती फाटते. रक्त हाडाच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या मध्ये साठू लागते. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा भरलेला डबा. त्यात आणखी काही भरायला जागा नाही. रक्त साठत जाते तसा मेंदू दाबला जातो. मात्र सुरुवातीला दाब थोडा असतो, म्हणून माणूस उठतो, बोलतो, चहा पितो. घरच्यांना वाटते, संकट टळले. हाच फसवा काळ. वेळेवर हाड उघडून रक्त काढले आणि रक्तवाहिनी बंद केली, तर बहुतेक माणसे पूर्ण बरी होतात. म्हणून या मरणाची मला जास्त हळहळ वाटते.

याच्या उलट एक सावकाश चालणारा रक्तस्राव असतो. तो वडीलधाऱ्या माणसांत दिसतो. न्हाणीघरात पाय घसरला, डोके भिंतीला आपटले, टेंगूळही आले नाही. घरचे विसरून गेले. तीन-चार आठवड्यांनी आजीबाई असंबद्ध बोलू लागतात, पाय ओढतात, कपड्यांत लघवी होते. आपण म्हणतो, वय झाले, चळ लागला. अशा एका आजींना त्यांच्या सुनेने हट्टाने आणले. कवटीला दोन लहान भोके पाडून डॉक्टरांनी जुने, काळे रक्त काढले. चौथ्या दिवशी आजी खाटेवर बसून सुनेला विचारत होत्या, "माझ्या म्हशीला पेंड कोण घालतंय?" सून रडत होती आणि हसतही होती. अचानक आलेला 'चळ' हा म्हातारपणाचा भाग मानू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थोड्या मारानंतरही डॉक्टरांना दाखवावे.

आता लक्षणे ध्यानात ठेवा. डोक्याला मार लागल्यावर बेशुद्धी आली, मग ती क्षणभर का असेना, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, नेहमी जागे राहण्याच्या वेळी गुंगी येऊ लागली, बोलणे भरकटले, फीट आली, एक हात किंवा पाय लुळा वाटला, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, कानातून वा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला, यांपैकी एक गोष्ट दिसली तरी सकाळची वाट पाहू नये.

नेईपर्यंत काय करावे? तोंडाने पाणी, चहा, काही देऊ नये. मान सरळ धरावी, उचलताना ती हिसकू नये. उलटी होत असेल तर मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सबंध अंग कुशीवर वळवावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबावी, पण कानात बोळे कोंबू नयेत. फीट आली तर नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये आणि दातांत चमचा घालू नये.

आता दुसरा उशीर, वाटेवरचा. १०८ हा क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते. आपल्या राज्यात ही सोय २०१४ पासून आहे. गाडी बोलावतानाच विचारावे, स्कॅनचे यंत्र आणि मेंदूचे डॉक्टर या घटकेला कुठे आहेत? जवळचा दवाखाना हा नेहमीच योग्य दवाखाना नसतो. श्वास अडकत असेल, रक्त थांबत नसेल, तर आधी जवळ थांबावेच. एरवी जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते तिथेच सरळ जावे. रस्त्यात कोणी अपघातात पडलेला दिसला, तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये अशी व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली करून दिली आणि २०१९ साली ती मोटार कायद्यातही आली.

तिसरा उशीर पैशाचा. शेत विकावे लागेल या धास्तीने किती माणसे उंबऱ्याशीच अडतात! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया येतात आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आधार मिळतो. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला गाठावे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड कपाटाच्या तळाशी ठेवू नका. एका पिशवीत घालून घरातल्या सर्वांना ठाऊक असेल अशा खुंटीला टांगा. आणि हेही लक्षात असू द्या की, जखमी माणसावर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे.

आपल्यालाच एवढ्या अडचणी, तर आपल्याहून गरीब देशांत काय होत असेल? आफ्रिकेतल्या युगांडाचे उदाहरण मला फार शिकवून गेले. तिथे पुष्कळ तान्ह्या मुलांच्या डोक्यात पाणी साठते. जन्मानंतर झालेला जंतुसंसर्ग हे त्याचे मोठे कारण. नेहमीचा उपाय म्हणजे डोक्यापासून पोटापर्यंत एक बारीक नळी बसवणे. पण ती नळी तुंबली की तातडीने मेंदूचे डॉक्टर लागतात, आणि खेड्यातली आई मुलाला पाठीशी बांधून किती लांब चालणार? डॉ. बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकन डॉक्टर २००० साली तिथे गेले. म्बाले गावच्या रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीने आतल्या आत पाण्याला वाट करून देण्याची आणि पाणी तयार करणारा भाग जाळून कमी करण्याची पद्धत बसवली. पुष्कळ मुलांना नळीची गरजच उरली नाही. रुग्णालय आईजवळ आणता येत नव्हते, तर त्यांनी उपचारच असा निवडला की तिला पुन्हा धावत यावे लागू नये. अंतर ओळखून केलेले काम ते असे. २०१५ साली जगभरच्या तज्ज्ञांच्या एका आयोगाने सांगितले की, सुमारे ५०० कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. त्या आकड्यात आपल्या शेजारची कोपीही आली.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. पुरुषाला लागले की गाडी लगेच निघते. बाईला लागले की ती स्वतःच म्हणते, "स्वयंपाक उरकते, मग बघू." घरातले म्हणतात, "मालक येऊ देत." आणि कधी कधी मार पडून लागलेला नसतो, मारून लागलेला असतो. वॉर्डात अशी बाई 'जिन्यावरून पडले' असे सांगे आणि खाली पाही. घराची अब्रू झाकण्यासाठी ती दवाखान्यात येत नाही, आली तर खरे बोलत नाही. तिला माझे एवढेच सांगणे आहे की, कशाने आणि कुठे लागले ते डॉक्टरांना खरे सांग, कारण उपचार त्यावर ठरतात. आणि शेजारणींना सांगणे आहे की, अशा वेळी भिंतीपलीकडून नुसते ऐकत राहू नका.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, आपल्यापैकी दोघींनी शिर्डी, लोणी व नाशिक येथील रुग्णालयांत विचारून यावे की रात्री-अपरात्री स्कॅन आणि मेंदूचे डॉक्टर कुठे मिळतात. ती माहिती मोठ्या अक्षरांत लिहून घरोघर चूलीजवळ लावावी आणि दर सहा महिन्यांनी तपासावी. दुसरी, हंगाम सुरू झाला की हळदीकुंकवाच्या निमित्ताने ऊसतोडीच्या कोप्यांवर जावे आणि ही लक्षणे तिथल्या बायांना सांगावीत. तिसरी, दुचाकीवर मागे बसतानाही शिरस्त्राण घालण्याचा नियम आपण आपल्यापासून सुरू करावा. कायदा तर तो आहेच. अंबाडा आडवा येतो म्हणाल, तर अंबाडा खाली बांधता येतो. फुटलेले डोके बांधणे फार अवघड असते, हे मी पाहिले आहे.

आणि या तिन्हींच्या आधी, आज घरी गेल्यावर जेवणाच्या वेळी एक बोलणे करून घ्या. घरात कोणाच्या डोक्याला लागले, तर जी बाई त्या वेळी घरात असेल तिने ठरवायचे, गाडी बोलवायची आणि निघायचे. तिला मागून कोणी जाब विचारायचा नाही. हे आधीच ठरलेले असले, तर त्या घटकेला तिचे पाय अडखळणार नाहीत.